ङुर्रारा : चित्रावर उभं राहून दिलेली साक्ष

आठ मीटर बाय दहा मीटर म्हणजे नक्की केवढं, हे कागदावर वाचून कळत नाही. म्हणून गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी मी टेप आणि खडू घेऊन आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेलो आणि तेवढा आयत आखला. गच्चीचा बहुतेक मोकळा भाग त्यात गेला. पापड वाळत घालायला आलेल्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "बॅडमिंटनचं कोर्ट का?" म्हटलं, "नाही, चित्र आहे." त्या काही बोलल्या नाहीत, फक्त आयत चुकवून पलीकडून गेल्या. घरी येऊन हिशोब केला, तर बॅडमिंटनच्या कोर्टाचं क्षेत्रफळही साधारण तेवढंच, ऐंशी चौरस मीटरच्या आसपास भरतं.

ज्या चित्रासाठी हा खटाटोप केला, त्याचं नाव 'ङुर्रारा'. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, ग्रेट सँडी डेझर्टच्या उत्तर सीमेवर पिर्निनी नावाची जागा आहे. तिथे मे १९९७ मध्ये चाळीसहून अधिक माणसांनी जमिनीवर कॅनव्हास अंथरून, त्याच्यावरच बसून हे चित्र रंगवलं. आपल्या बाराखडीच्या तक्त्यावर 'ङ' या अक्षराला शब्दच नसतो. गुरुजी ते नुसतं म्हणून घेतात आणि 'च चमचा' कडे वळतात. वाल्माजारी भाषेत मात्र शब्दच्या शब्द या अक्षराने सुरू होतात. ङुर्रारा म्हणजे आपली भूमी, आपलं घर. ङापा म्हणजे पाणी. इंग्रजांना हा उच्चार लिहायला दोन अक्षरं जोडावी लागतात आणि तरी तो त्यांना जमत नाही. आपल्याकडे अक्षर तयार आहे, वापरायची वेळ फक्त आली नव्हती.

माझा या विषयाशी संबंध आडवाटेने आला. मी चित्रकलेचा अभ्यासक नाही. एका पतपेढीत नोकरी करून जुन्या नकाशांच्या मागे लागलेला माणूस आहे. ऑस्ट्रेलियाला मी गेलेलो नाही, हे चित्र प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. जगातल्या नकाशांविषयीच्या एका जाड पुस्तकात त्याची पानभर छपाई होती आणि खाली 'वाळवंटातील पाणवठ्यांचा नकाशा' अशा अर्थाची ओळ होती. त्या ओळीने माझे पाच-सहा महिने खाल्ले. नकाशा म्हटलं की मी काटेकोर होतो. चित्रातली वर्तुळं म्हणजे पाणवठे, कडेने गेलेली रेघ म्हणजे कॅनिंगचा गुरांचा मार्ग, हे समजल्यावर मी उपग्रहाच्या छायाचित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून दोन्ही जुळवायला बसलो. जुळेना. एक पाणवठा बरोबर बसवला की दुसरा दीडशे किलोमीटर सरके. चित्रकारांना प्रमाण कळत नव्हतं, असा निष्कर्ष मी वहीत लिहूनही ठेवला होता. ती वही अजून आहे. चूक माझी होती. ती कशी होती हे सांगायचं, तर आधी त्या वाळवंटाकडे जायला हवं.

ग्रेट सँडी डेझर्टचा पसारा जवळजवळ २,८५,००० चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राहून थोडासाच लहान. वाळूच्या लांबच लांब टेकड्या एकमेकींना समांतर, दहा-दहा कोस सरळ गेलेल्या. त्यांना 'जिल्जी' म्हणतात. अशा प्रदेशात माणूस जगतो तो पाणी कुठे आहे हे ठाऊक असल्यामुळे. तिथल्या लोकांनी पाण्याच्या जाती केल्या आहेत. पाऊस पडून गेल्यावर काही काळ खणलं की लागतं ते 'जुमू'. आपल्याकडे नदीच्या कोरड्या पात्रात झरा उकरतात, तसंच. आणि कितीही दुष्काळ पडला तरी ज्याचं पाणी मरत नाही, ते 'जिला'. जिलाला ते जिवंत पाणी म्हणतात आणि ते अलंकारिक अर्थाने नव्हे. प्रत्येक मोठ्या जिलात एक पाऊस पाडणारा साप राहतो. तो पूर्वी माणूस होता, हिंडला-फिरला आणि शेवटी इथे पाण्यात शिरला. कुर्ताल, कानिंगार्रा, जापिंगका ही अशी नावं. जिलापाशी जाताना लांबूनच हाक मारून आपण कोण, कुणाचे कोण, हे सांगायचं असतं. परका माणूस न सांगता गेला तर साप कोपतो. म्हसोबाच्या वाटेने जाणाऱ्या आपल्या मागच्या पिढीला हे समजावून सांगायची गरज पडली नसती.

पाण्याची माहिती आणि कुळाची माहिती इथे एकच असते. कुठला जिला कुणाच्या बापाचा, कुणाच्या आजीचा, त्याचं गाणं कोण म्हणू शकतो, त्याची गोष्ट कितपत उघड सांगता येते, हे सगळं नात्यावरून ठरतं. माहिती असणं वेगळं आणि सांगायचा अधिकार असणं वेगळं.

या पाण्यांवर पहिला मोठा घाला पडला तो १९०६ मध्ये. दक्षिणेच्या बाजारात गुरं हाकत न्यायची होती, म्हणून आल्फ्रेड कॅनिंग नावाच्या सरकारी सर्वेक्षकाने वाळवंटातून वाट शोधायला घेतली. हॉल्स क्रीक ते विलुना, सुमारे १,८५० किलोमीटर. पाणी शोधण्याची त्याची पद्धत साधी होती. तिथली माणसं पकडायची, गळ्यात साखळी घालायची आणि ती तहानेने व्याकूळ होऊन पाण्याकडे नेतील तिकडे मागोमाग जायचं. त्याच्या तुकडीतल्या आचाऱ्याने, एडवर्ड ब्लेकने, परतल्यावर याविरुद्ध जाहीर तक्रार केली. १९०८ मध्ये रॉयल कमिशन बसलं. त्याने कॅनिंगला निर्दोष ठरवलं. साखळ्या वापरल्या हे कुणी नाकारलंही नव्हतं. फक्त त्यात गैर काय, असा एकंदर सूर होता. १९०८ ते १९१० या काळात कॅनिंगने त्या वाटेवर पन्नासच्या आसपास विहिरी बांधल्या. त्यांतल्या कित्येक आधीपासूनच्या पाणवठ्यांवर उभ्या राहिल्या. विहिरींना क्रमांक मिळाले. ज्यांना नावं होती, त्यांना क्रमांक मिळाले, हे मी मुद्दाम दोनदा लिहितो आहे.

पुढची पन्नास वर्षं वाळवंट हळूहळू रिकामं होत गेलं. कुणाला जबरदस्तीने नेलं, कुणी उत्तरेच्या फिट्झरॉय खोऱ्यातल्या गुरांच्या मळ्यांवर गेलेल्या नातलगांच्या शोधात निघालं, कुणी मागे उरलेल्या थोडक्या माणसांत लग्नकार्य जमेना म्हणून. जुकुना मोना चुगुना आणि तिची बहीण ङार्ता यांनी आपल्या आठवणी सांगितल्या आहेत. २००४ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. जुकुनाचा भाग तिने स्वतः वाल्माजारीत लिहिला. तिने नवऱ्याबरोबर वाळवंट सोडलं, तेव्हा धाकटी ङार्ता मागे राहिली होती. ती मुलगी पुढे एकटी पडली आणि शेवटी तीही वाळवंटाबाहेर आली. वाळवंट सोडताना हे लोक काय नेऊ शकत होते? भाला, एखादं लाकडी पात्र आणि पाणवठ्यांची नावं.

मळ्यांवर त्यांनी बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर राबून गुरं सांभाळली. १९६६ मध्ये समान वेतनाचा निवाडा झाला, डिसेंबर १९६८ पासून तो लागू झाला आणि मळेवाल्यांनी त्यांना चक्क बाहेर काढलं. न्याय्य निर्णयातून झालेली ही हकालपट्टी. माणसं फिट्झरॉय क्रॉसिंग या लहानशा गावाच्या कडेला येऊन पडली. त्या गावात वडीलधाऱ्यांच्या पुढाकाराने प्रौढांसाठी 'काराइली' नावाची शाळा सुरू झाली. पन्नाशी-साठीतली माणसं अक्षरं गिरवायला बसली आणि त्याच वर्गात त्यांच्या हातात रंग आले. पुढे त्यातूनच 'मांगकाजा' हे कलाकेंद्र उभं राहिलं. वयाच्या चाळिशीनंतर स्वतःच्या बळावर काही शिकायला बसलेल्या माणसाला या शाळेबद्दल विशेष जवळीक वाटते, हे वाचकांनी समजून घ्यावं.

रंग हातात आल्यावर त्यांनी काय काढलं? आपापलं पाणी. वाळू तळहाताने सपाट करून बोटाने वर्तुळं काढत मुलांना वाट समजावण्याची रीत जुनीच होती, तीच कॅनव्हासवर आली. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीत १९७१ साली जेफ्री बार्डन या शाळाशिक्षकाच्या काळात जे सुरू झालं आणि पुढे 'ठिपक्यांची चित्रं' म्हणून जगभर विकलं गेलं, त्याच्याशी याचं नातं आहे. पण फिट्झरॉयच्या चित्रकारांचा हात वेगळा. ठिपके कमी, रंगांचे मोठे निःसंकोच पट्टे जास्त. निळा, गुलाबी, पिवळा शेजारी शेजारी. वाळवंट पिवळट-करडं असतं असं मानणाऱ्याला ते भडक वाटतील. मलाही वाटले होते.

आता कायद्याकडे. ऑस्ट्रेलिया ही इंग्रज आले तेव्हा कुणाच्याच मालकीची नव्हती, या गृहीतकावर तिथला जमिनीचा कायदा दोनशे वर्षं उभा होता. ३ जून १९९२ रोजी तिथल्या हायकोर्टाने माबो खटल्यात ते गृहीतक फेटाळलं. १९९३ मध्ये 'नेटिव्ह टायटल' कायदा झाला. हक्क मागता येऊ लागला, पण तो सिद्ध करायचा होता. त्या भूमीशी आपलं नातं परंपरेच्या कायद्याने आणि रीतीने चालत आलेलं आहे आणि ते तुटलेलं नाही, हे दाखवायचं. ज्यांना चाळीस वर्षांपूर्वी वाळवंटाबाहेर यावं लागलं, ज्यांच्यातल्या अनेकांना इंग्रजी येत नव्हतं, ज्यांच्याकडे एकही कागद नव्हता, त्यांनी हे दाखवायचं. भाषाही एक नाही. वाल्माजारी, वांगकाजुंगा, मांगाला, जुवालिन्य अशा चार गटांचा मिळून दावा. तो १९९६ मध्ये दाखल झाला.

चित्र पुराव्याला न्यायची कल्पना तेव्हा निघाली. ङर्राल्जा टॉमी मे हे त्यांच्यातले एक वडीलधारे चित्रकार. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : गोऱ्यांना आमच्या तोंडच्या शब्दावर विश्वास नसेल, तर त्यांनी आमची चित्रं बघावीत, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. १९९६ मध्ये पहिलं चित्र झालं, पाच मीटर बाय आठ मीटर. ते पाहून त्यांचं समाधान झालं नाही. काही माणसं त्यात नव्हती, त्यामुळे त्यांच्या जागा नव्हत्या. दुसऱ्या कुणी त्या भरून टाकणं शक्य नव्हतं. म्हणून पुढच्या वर्षी पिर्निनीला नवीन, मोठा कॅनव्हास अंथरला गेला. ज्याची जागा त्यानेच तिथे बसायचं आणि ती रंगवायची, असा नियम.

माझ्या ट्रेसिंग पेपरची चूक मला इथे कळली. मी अंतरं मोजत होतो. चित्रात अंतरं नाहीतच. त्यात शेजार आहे. कुणाच्या पाण्याला लागून कुणाचं पाणी, कुणाची गोष्ट कुठे संपून कुणाची सुरू होते, ते आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, एकमेकांच्या कडेला बसलेल्या या चाळीस-पंचेचाळीस माणसांपैकी कुणीही शेजाऱ्याच्या हद्दीत ब्रश नेलेला नाही. न्यायालयाला हवा होता तो 'परंपरेचा कायदा' असा त्या कॅनव्हासवर पाळून दाखवलेला आहे. नकाशा कुणीही काढू शकतो. कॅनिंगनेही काढला होता. त्यामुळे या चित्राला नकाशा म्हणणं मला आता पटत नाही. पुस्तकातल्या त्या ओळीशेजारी मी पेन्सिलीने 'चूक' असं लिहून ठेवलं आहे.

त्याच वर्षी नेटिव्ह टायटल न्यायाधिकरणाची बैठक पिर्निनीला भरली. चित्र जमिनीवर अंथरलेलं. एकेक जण उठून आपण रंगवलेल्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि तिथून आपल्या भाषेत बोलला, दुभाषाने ते इंग्रजीत सांगितलं. आपल्याकडे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. इथे तो आपल्या आजोबांच्या पाण्यावर उभा होता. मी गच्चीवर आयत आखला तो यासाठी : दहा मीटर लांबीच्या चित्रावर म्हातारं माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत किती पावलं चालेल, ते पाहायचं होतं. माझी चौदा झाली.

याच्या पुढची हकिकत बहुतेक ठिकाणी अशी सांगितली जाते की चित्राने खटला जिंकला. ऐकायला ती छान वाटते, पण तशी घडलेली नाही. १९९७ ची ती बैठक निकाल देणाऱ्या न्यायालयाची नव्हती, समेट घडवण्यासाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाची होती. त्यानंतर दहा वर्षं गेली. मानववंशशास्त्रज्ञांचे अहवाल झाले, वंशावळी लिहिल्या गेल्या, राज्य सरकारशी वाटाघाटी चालल्या. ९ नोव्हेंबर २००७ रोजी फेडरल कोर्टाने त्याच पिर्निनीला येऊन हक्क मान्य केला, तोही दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेला निर्णय होता. आणखी एक गोष्ट उत्साही लेखक सांगत नाहीत. हा बहुतेक सगळा प्रदेश कुणालाही न दिलेली सरकारी जमीन होता. तिथे मळेवाल्यांचं हितसंबंधांचं जाळं असतं, तर याच चित्राचं काय झालं असतं, हे सांगणं अवघड आहे. मान्य झालेलं क्षेत्र पाऊण लाख चौरस किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईइतकं. आणि त्या दहा वर्षांत चित्रावर उभं राहून बोललेल्यांपैकी कितीतरी जण वारले होते.

त्याच २००७ च्या जुलैमध्ये पापुन्याच्या परंपरेतल्या क्लिफर्ड पॉसम जापाल्जारींचं 'वारलुगुलाँग' (१९७७) हे चित्र लिलावात २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला राष्ट्रीय कलादालनाने घेतलं. मूळ विक्री १,२०० डॉलरला झाली होती. चित्रकार २००२ मध्येच गेले होते. तेही घराण्याच्या जागांचं, पूर्वजांच्या वाटांचं चित्र. वृत्तपत्रांत मोठी बातमी त्याची झाली. मला तुलना करायची नाही. पण एकाच वर्षात एका वाळवंटी चित्राला किंमत मिळाली आणि दुसऱ्यामागच्या माणसांना जमीन मिळाली, हे नजरेआड करता येत नाही.

आपल्याकडे याच्या जवळपास जाणारं काही आहे का, हे मी शोधत होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००८ मध्ये जे नियम झाले, त्यांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदन आहे, वंशावळ आहे, स्मशानभूमी आणि देवस्थानाच्या खुणा आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो याच कायद्याखाली. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण पुरावा होऊ शकते, हे आपल्याही कायद्याने मान्य केलं आहे. फक्त ती 'लेखी घेतलेली' हवी. उभं राहून सांगितलेली, गाऊन दाखवलेली, रंगवलेली आठवण कुठल्या रकान्यात बसवायची, हे आपल्या अर्जात नाही.

जाता जाता एक घरचं. आमचं मूळ गाव धरणात गेलं, माझ्या जन्माच्या आधी. सातबाऱ्यावरचे गट क्रमांक माझ्याकडे आहेत, जुना गावनकाशाही मी मिळवला. पण गावातल्या विहिरींची नावं कुठेच नव्हती. आमच्या आत्याला ती येत. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिच्यासमोर परातीत ज्वारीचं पीठ पसरून म्हटलं, "आत्या, विहिरी दाखव." तिने बोटाने दाखवल्या. चिंचेची, म्हसोबाची, पाटलाची बारव, सासुरवाशिणीची. नऊ झाल्या. ओढ्यापलीकडे तिने दहावा ठिपका काढला आणि नाव सांगेना. मला वाटलं विसरली. मी दोनदा-तीनदा विचारलं. शेवटी ती म्हणाली, "अरे, ती आपली नाही रे. त्यांची आहे. त्यांना विचार."

तेव्हा मला तिचा राग आला होता. वहीत मी 'दहावी : नाव माहीत नाही' असं लिहिलं. ङुर्राराच्या चित्राबद्दल वाचल्यावर ती ओळ खोडली. 'त्यांचं' म्हणजे कुणाचं घर ते मला ठाऊक आहे. पुनर्वसनात ती माणसं आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर वसली आहेत. त्यांची एक म्हातारी अजून आहे, असं कळलं आहे. तुळशीचं लग्न झालं की जाणार आहे. परात आणि पीठ बरोबर नेईन.